जिरेनियमचा अर्क, टरबुजाचा स्वाद

मी लेबलं वाचते. लोक सकाळी चहाबरोबर पेपर वाचतात, मी बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचते. यशोधरा झाल्यापासून, म्हणजे गेले दहा महिने, माझं सगळं वाचन लेबलांचंच आहे. तिच्या ओल्या रुमालांच्या पाकिटावर एकोणीस घटक आहेत आणि ते मला क्रमाने पाठ आहेत. तिचे दात शिवशिवायला लागले तेव्हा आणलेली रबराची गाय मी दोनदा दुकानात परत केली, कारण रंग कशापासून बनवलाय ते तिच्या पोटावर लिहिलेलं नव्हतं. पूनम सागर वसाहतीतला तो दुकानदार हल्ली मला लांबून येताना पाहिलं की शटरकडे बघतो. आमचे हे, वाल्मिक, म्हणतात, "पंचशीला, तू त्या गाईचा जातीचा दाखला मागायचा तेवढा राहिलाय."

हे सगळं आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की बाई निष्काळजी होती. मी निष्काळजी नव्हते. मी चोवीस तास काळजीच करत होते, फक्त चुकीच्या डब्याची.

माझ्याकडे एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. तिच्यात मी रकाने आखले होते: वार, वेळ, डावी की उजवी, किती मिनिटं, शेरा. यशूच्या दुधाची वही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या उर्मिलावहिनी, ज्या सोसायटीच्या सेक्रेटरीणबाई नसून सेक्रेटरींच्या पत्नी आहेत पण हा फरक खुद्द सेक्रेटरींनाही नीट माहीत नाही, त्या ही वही बघून खो खो हसल्या होत्या. "अगं, माझी दोन्ही मुलं वहीशिवाय वाढली!" म्हणाल्या. वाढली खरी. कशी वाढली ते मी रोज जिन्यात बघते.

पण मला एक वर्ष पुरं करायचं होतं. एवढं एकच ठरवलं होतं मी आयुष्यात ठामपणे. बाकी सगळं, म्हणजे बीएस्सीला बॉटनी, मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी, मग लग्न, हे आपसूक होत गेलं. यशूला एक वर्ष अंगावर पाजायचं हे मात्र माझं स्वतःचं. जूनमध्ये कॉलेजला रुजू व्हायचं होतं आणि त्याआधी अंगात थोडी ताकद आणायची होती. कारण खरं सांगायचं तर मी दमले होते. सकाळी उठताना दमलेली असायचे, आणि दमून झोपायला गेले की दमल्यामुळे झोप यायची नाही. एकदा मी यशूच्या ऐवजी उशीला थोपटत बसले होते. उशी शांत झोपली. यशू कोपऱ्यातून बघत होती.

अशक्तपणा ही खाजगी बाब असते असा माझा समज होता. आमच्या ई-विंगमध्ये ती सार्वजनिक निघाली. उर्मिलावहिनींनी डिंकाचे लाडू सुचवले आणि ग्रुपवर टाकलं, "ई-४०३ ला वीकनेस आहे, कुणाकडे चांगला डिंक आहे का?" त्यावर एकवीस अंगठे, दोन नमस्कार आणि एका गृहस्थांचा गृहकर्जाचा मेसेज आला. सासूबाई परभणीकडच्या. त्यांचं औषध एकच, बाजरीची भाकर आणि वर तीळ. "आमी शेतातून येऊन पाजायचो लेकराला, हं. आन् तू गादीवर बसून दमू लागलीस व्हय?" हे त्या प्रेमाने म्हणतात. प्रेम पोचायला जरा वेळ लागतो, एवढंच. शेजारच्या ॲलिस आंटी मूळच्या समुद्राकाठच्या उत्तनच्या, त्यांनी वाटीभर जवळ्याचं, म्हणजे बारीक कोळंबीचं, कालवण आणून दिलं आणि दारातच उभ्या राहून मी पहिला घास खाईपर्यंत हलल्या नाहीत. "खा गो. हाडात जाते. तुना रगतच न्हाय हाय अंगान."

या सगळ्यांत बिनबोभाट मदत केली ती आंटींच्या मुलाने, ट्रेव्हरने. तिथेच घोळ झाला.

ट्रेव्हर आमच्याच गल्लीत तळमजल्यावर जिम चालवतो. सव्वीस वर्षांचा, दंड माझ्या मांडीएवढे, आणि स्वभावाने इतका गरीब की जिममधल्या आरशासमोर दुसरा कुणी आला तर हा बाजूला होतो. मला जिन्यात पिशव्या घेऊन बसलेली बघून त्याने पिशव्या वर आणून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी एक डबा.

"ताई, हे घे. सकाळी अर्धा चमचा पाण्यात. मी एक पूर्ण घेतो. बघ नुसती, दुपारपर्यंत उडशील."

"ट्रेव्हर, मी बाळाला पाजते. मला असलं काही चालत नाही."

"अगं केमिकल नाहीये ताई! नॅचरल आहे. फूल आहे फूल. तू तर फुलांचंच शिकलीस ना?"

मी डबा हातात घेतला. काळा, रुंद तोंडाचा, लाल झाकणाचा, वर वीज पडल्याचं चित्र. आणि अर्थात मी लेबल वाचलं. लेबल वाचल्याशिवाय मी घोट गिळत नाही. त्यात कॅफीन होतं, ते चहातही असतं. आणि खाली लिहिलं होतं, जिरेनियमचा अर्क. त्याच्याखाली आणखी बारीक काहीतरी होतं, पण तिथवर माझे डोळे गेले नाहीत, कारण जिरेनियम म्हटल्यावर मी एकदम घरी आल्यासारखी झाले.

जिरेनियम! टीवायला जर्नलमध्ये मी त्याची आकृती काढली होती. झालरीसारखी पानं, चुरगळली की गुलाब आणि लिंबाच्या मधला वास. मॅडमनी त्या आकृतीला दहापैकी नऊ दिले होते; उरलेला एक नीटनेटकेपणाला कापला. इतकी जुनी ओळख असलेलं झाड मला दगा देईल असं मनातसुद्धा आलं नाही. डब्यातल्या भुकटीला गुलाबाचा नाही, लिंबाचा नाही, टरबुजाच्या गोळीचा वास येत होता. बॉटनीच्या पदवीधर बाईला तेवढं पुरे व्हायला हवं होतं.

पहिल्या दिवशी अर्धा चमचा घेतला आणि वीस मिनिटांनी मला आमचं स्वयंपाकघर फार घाणेरडं आहे असं दिसायला लागलं. दुपारपर्यंत मी सगळे डबे उतरवून, पुसून, उंचीप्रमाणे लावले. मग सासूबाईंना हवे तसे नाहीत म्हणून रंगाप्रमाणे लावले. पंखे पुसले. शेजारच्यांच्या दाराबाहेरचं पायपुसणं धुतलं. सेक्रेटरींना जिन्यातल्या दिव्याबद्दल, गळत्या टाकीबद्दल आणि एकंदर नागरिकांच्या कर्तव्यांबद्दल चार पानी पत्र लिहिलं. टाळूला मुंग्या येत होत्या आणि बोटं गार पडली होती, पण मला वाटलं, ताकद येते तेव्हा असंच होत असेल. मला कुठे अनुभव होता?

वाल्मिक संध्याकाळी आले, घर बघितलं आणि दारातच म्हणाले, "कुणी पाहुणे येणार आहेत का?"

तीन आठवडे मी अशी उडत होते. छातीत धडधडायचं, पण ते मला कॉलेजपासूनच कुठल्याही निमित्ताने धडधडतं. डोकं मागून ठणकायचं, तर म्हटलं उन्हाळा. यशू मात्र चिडचिडी झाली होती. दुपारची झोप मोडून उठायची, मुठी आवळून रडायची. मी दातांना दोष दिला. सासूबाईंनी इकडेतिकडे बघून हळूच म्हटलं, "आपण दृष्टबिष्ट मानत नाही. बाबासायबांनी सांगितलंय तेच खरं. पर मीठ ववाळायला काय जातंय गं माय?" आणि मीठ ओवाळून झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बघून पदर सारखा केला.

आणि मग तो मंगळवार. यशूची नऊ महिन्यांची लस होती. आरोग्य केंद्रात आम्हाला सकाळचा नंबर होता. मी चमचा घेतला होता, आणि आज बाहेर जायचंय म्हणून अर्ध्याऐवजी पूर्ण. केंद्रात रांग होती. रांगेत मी पुढच्या तीन बायांची कार्डं तपासून दिली, एकीच्या तारखेतली चूक काढली, भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता तिरका होता तो सरळ करायला स्टुलावर चढले, आणि तिथून मला खालची फरशी हळूहळू फिरताना दिसली.

पडले नाही मी. नंतर बिल्डिंगमध्ये सांगितलं गेलं की धाडकन पडले. तसं झालं नाही. मी स्टुलावर सन्मानाने बसले आणि मग तिथून सन्मानाने घसरले.

नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून पट्टा सोडला आणि दुसऱ्या दंडाला बांधला. मग आत गेल्या आणि डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टर रेचल, माझ्याच वयाच्या असतील. एकशेअडुसष्ट, खाली एकशेबारा.

"काही गोळ्या चालू आहेत?"

"नाही."

"काही पावडर? वजनाची, ताकदीची?"

इतकी लेबलं वाचलेल्या बाईने या प्रश्नावर खाली बघितलं. "फुलाची आहे," मी म्हटलं.

"कुठल्या फुलाची?"

"जिरेनियम."

डॉक्टर हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा ईसीजी काढला, यशूची छाती दोनदा ऐकली आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "जिरेनियमचं नाव लिहून एक उत्तेजक विकलं जातं. ते फुलातून येत नाही, कारखान्यात बनतं. रक्तवाहिन्या आवळतं, बीपी चढवतं, हृदयाला पळवतं. कॅफीनबरोबर घेतलं तर आणखी. तरण्याताठ्या माणसांना यातून झटके आलेत. तुमच्या डब्यात तेच होतं की आणखी काही, हे लेबल बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. आजपासून बंद. डबा घेऊन या."

"आणि पाजणं?"

"दुधात किती उतरतं हे कुणी धड मोजलेलंच नाही. बाळाची चिडचिड त्यानेच असेल असं नाही, आणि नसेल असंही नाही. नक्की काय आहे ते कळेपर्यंत पाजू नका. दूध काढून टाकत राहा, म्हणजे आटणार नाही. नाव कळलं की थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

थोड्या दिवसांचा. मी बाकावरूनच सासूबाईंना फोन लावला.

"आई, ओट्यावरच्या फळीवर काळा डबा आहे ना, लाल झाकणाचा? तो वाल्मिकजवळ द्या."

"तो व्हय? त्यात रवा भरला की म्या."

"रवा? आणि आतली पावडर?"

"ती काचंच्या बरनीत वतली. इतका झ्याक डबा, आन् त्यात ती चिमूटभर भुकटी! तुमी गेल्या गेल्या घासून काढला."

"आई, त्यावरचा कागद?"

"अगं, तोच तर निघंना! खोबऱ्याचं तेल लावलं, उन्हात ठिवला, तारेनं खरवडला. आता बघ, आरशावानी झालाय."

आमच्या घरात चांगला डबा वाया जात नाही. तुमच्याही जात नसेल. जगातल्या कुठल्याही संशोधकाने आमच्या फळीवर शोध घ्यायला यावं. कॉफीच्या बरणीत हळद आहे, लोणच्याच्या बरणीत साबुदाणा आहे आणि यशूच्या नाचणीसत्त्वाच्या डब्यात वाल्मिकचे स्क्रू आहेत. मी सोडून या घरात लेबल कुणी वाचत नाही, आणि मी वाचलं होतं तेही अर्धंच.

मग ट्रेव्हरला गाठलं. ऐकता ऐकता त्याचा रंग उतरला. तो डबा शेवटचा होता. त्याच्याकडच्या नव्या डब्यांवर 'नवीन फॉर्म्युला' होता, जिरेनियमचं नावच नव्हतं. "ताई, भाईंदर वेस्टला एका दुकानातून आणायचो. तिथे मिळेल. फक्त मम्मीला नको सांगू, प्लीज. ती रोज मला विचारते, हे काय पितोस म्हणून."

मी शब्द दिला. कुणाच्या आईपुढे त्याची अब्रू घालवायची नाही, हे एक कारण. दुसरं कारण माझी स्वतःची अब्रू. बिल्डिंगमध्ये मी टॉन्सिलचं सांगितलं. मग ग्रुपवर टॉन्सिलवर सत्तावीस उपाय आले आणि मला घसा दुखल्यासारखा आवाज काढून बोलावं लागायला लागलं.

दिवसातून सहा वेळा आतल्या खोलीचं दार लावून, हातपंपाने मी दूध काढायचे. बाहेर सासूबाई यशूला बाटलीने वरचं पाजायच्या. त्या दूध पावडरीच्या डब्यावर एकतीस घटक आहेत. या वेळी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. पहिले दोन दिवस यशूने बाटली भिरकावली. मला ऐकू यायचं. पंपाची वाटी भरत यायची, कारण तिचं रडणं ऐकलं की दूध जास्त सुटतं. शरीराला टॉन्सिलचं खोटं सांगता येत नाही.

काढलेलं दूध बेसिनमध्ये ओतायला सासूबाईंनी हात धरला. "मोरीत नको गं. आईचं दूध हाय." मग त्या ते खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत घालायला लागल्या. वाल्मिक म्हणाले, "त्या झाडाला आता झोप लागायची नाही." मी हसले आणि हसता हसता माझा गाऊन पुढून भिजला, डोळ्यांतून आणि आतून, दोन्हीकडून.

गुरुवारी भाईंदर पश्चिमेला ते दुकान शोधलं. दुकानदाराने माझ्याकडे आपादमस्तक बघून विचारलं, "बॉडी बनानी है, मॅडम?"

"नहीं, लेबल चाहिए."

"लेबल? खाली लेबल?"

"खाली डब्बा होगा तो भी चलेगा."

त्याने आतल्या माणसाला हाक मारली, "अरे, ये मॅडम को खाली डब्बा मांगता है!" आतून आवाज आला, "भंगारवाला बाजूवाली गली में!" तो माल बंद झाला, कंपनीचा माणूस फोन उचलत नाही, आणि असा माल आम्ही कधी ठेवलाच नव्हता, ही तिन्ही उत्तरं मला एकाच श्वासात मिळाली. मी बाजूच्या गल्लीतल्या भंगारवाल्याकडेही गेले. बीएस्सी सेकंड क्लास.

सोमवारी ठाण्याला, खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या तक्रारी घेणाऱ्या एका कार्यालयात. वरसाव्याच्या पुलाच्या अलीकडे बस पाऊण तास उभी होती. पंपाची वेळ टळली. छाती दगडासारखी झाली होती आणि मी पर्स पोटाशी धरून, ओढणी दुहेरी करून बसले होते. बाजूची बाई म्हणाली, "ताप आहे का हो?" मी म्हटलं, टॉन्सिल.

कार्यालयातले गृहस्थ सज्जन होते. त्यांनी पाणी दिलं, मग अर्ज दिला. "सीलबंद डबा आणलाय?"

"बरणी आणलीय."

"डबा कुठाय?"

"त्यात रवा आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, उत्पादनाचं नाव, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता, हे सगळं लेबलवर असतं. तुम्ही मला जे देताय त्यावर लिहिलंय," त्यांनी बरणी फिरवली, "'कैरीचं लोणचं, घरगुती.'" मग आवाज उतरवून म्हणाले, "एखादा डबा मिळाला तर या. मी घेतो तक्रार. खरंच घेतो."

मी परत आले. यशू सासूबाईंच्या मांडीवर बाटली पीत होती. भिरकावत नव्हती. एका हाताने तिने बाटली धरली होती, दुसऱ्या हाताने सासूबाईंची पोत. माझ्याकडे बघून हसली आणि परत प्यायला लागली.

शहाणी झाली हो, असं मी मोठ्याने म्हटलं.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, ॲलिस आंटी जवळ्याची वाटी घेऊन आल्या. मी घास घेतला आणि तो गिळता येईना. टॉन्सिलचं नाटक नव्हतं ते. आंटींनी वाटी काढून घेतली, दार लोटलं आणि म्हणाल्या, "आता खरा सांग. टॉन्सिलवाली बाय दिवसाला सहा वेळा पंप न्हाय मारीत. भिंत पातल हाय गो, मना आयकू येते."

मी सगळं सांगितलं. शब्द मोडला. काळा डबा, लाल झाकण, वीज.

आंटींनी वाटी ओट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "लाल झाकनाचं? आगो, उत्तनला माझ्या भावाकरं, गॅब्रियलकरं, तसं पाच हान. ट्रेव्हरचं रिकामं झालं का मी तिकरं पाठवते. सुका जवला भराला. झाकन घट बसते, मुंगी जात न्हाय."

"धुतलेत?"

"कित्याला धुवाचं? जवल्याला काय लेबल वाचता येते?"

दोन तासांत त्या उत्तनला जाऊन आल्या. डबा उघडला तसा आमच्या घरभर समुद्र पसरला. लेबल जसंच्या तसं होतं. जिरेनियमचा अर्क, आणि त्याच्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात एक लांबलचक रासायनिक नाव, एक-तीन-डायमिथाइल-अमाइल-अमाइन. त्याच्याही खाली: गरोदर व स्तनदा स्त्रियांनी घेऊ नये.

तेव्हा माझे डोळे जिथे थांबले होते, तिथून ती ओळ अर्ध्या इंचावर होती. आणि अकरा दिवस तो डबा भाईंदरच्या दुकानात नव्हता, ठाण्यात नव्हता. तो माझ्या शेजारणीच्या भावाकडे होता, आणि मी शेजारणीला टॉन्सिल सांगत होते.

डॉक्टरांनी लेबल बघून मान हलवली. तेच होतं. "हे शरीरातून कधीच गेलं असेल. तुमचं बीपीही उतरलंय. सोमवारी आणखी एकदा बघू आणि पाजायला सुरू करा." आंटी ट्रेव्हरलाही दंडाला धरून घेऊन आल्या होत्या. एवढे दंड, आईच्या मुठीत मावत नव्हते, तरी सुटत नव्हते. त्याचा आकडा माझ्यापेक्षा वर निघाला. तो नर्सबाईंच्या पट्ट्याकडे बघत राहिला. "पण ताई, त्यावर फूल लिहिलं होतं," एवढंच म्हणाला. त्याने नंतर जिमचे सगळे डबे बंद केले आणि ठाण्याच्या कार्यालयात तो जवळ्याचा डबा स्वतः नेऊन दिला. तिथले सज्जन गृहस्थ त्या दिवशी खिडकी उघडून बसले होते म्हणे.

सोमवारी आकडा बरोबर आला. घरी येऊन मी आंघोळ केली. सासूबाईंनी स्वतःहून खोलीचा पडदा ओढला आणि बाहेर जाऊन बसल्या. उर्मिलावहिनींचा काहीतरी निरोप सांगायला वाल्मिक आले, त्यांनाही त्यांनी दारातच अडवलं.

मी यशूला घेतलं. डाव्या कुशीत, नेहमीसारखं. ती माझ्याकडे बघत होती. तिने तोंड जवळ आणलं, नाक लावलं, आणि मान वळवली. मी परत जवळ घेतली. तिने माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे ढकललं. रागाने नाही, एखाद्या पाहुण्याला "नको, आत्ताच झालंय" म्हणतात तसं. मग माझ्या गळ्यातल्या धाग्याशी खेळायला लागली. मी उजवीकडे घेतलं. मी एक थेंब तिच्या ओठांवर लावला. तिने जिभेने तो बाहेर ढकलला आणि दाराकडे बघून "बब्बा" केलं. बब्बा म्हणजे बाटली. तो शब्द या तेरा दिवसांत आला होता.

तीन दिवस मी प्रयत्न केला. चौथ्या दिवशी सासूबाई आत आल्या, माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "वाल्मिक आठ महिन्यांचा होता. ऊस तोडायला टोळी निघाली होती. म्या कडुलिंबाचा पाला वाटून लावला. त्यानं तोंड लावलं आन् असा रडला, असा रडला." मग बराच वेळ त्या यशूच्या पायाची बोटं एकेक करून दाबत बसल्या. "तुझी रडली तरी न्हाई," म्हणाल्या.

हे त्या मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या. प्रेम पोचायला वेळ लागतो. हे अजून पोचतंय.

तो डबा अजून आमच्याकडे आहे. रवा संपला, त्यात आता शेंगदाणे आहेत. यशू कधीकधी तो जमिनीवर बडवते आणि मी सवयीने तो फिरवून बघते. चारी बाजूंनी स्वच्छ आहे.

कॉलेजला जायच्या आदल्या दिवशी मी निळी वही उघडली. त्या तेरा दिवसांच्या आधीची शेवटची ओळ शोधली, कारण मला आठवतच नव्हतं की शेवटचं पाजलं कधी. कुणी सांगत नाही ना, की हे शेवटचं आहे म्हणून. माझ्याच अक्षरात होतं, जरा तिरकं, चमचा पूर्ण घेतलेल्या सकाळचं:

मंगळवार. नऊ चाळीस. डावी. सहा मिनिटं.

आणि शेऱ्याच्या रकान्यात: अजून पीत होती. घाईत मीच काढली.